किराण्याची यादी आधी दाखवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर, महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी. वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, बीपी १३६/८८. आईला मधुमेह, वडिलांची ५८व्या वर्षी बायपास. तपासणाऱ्या डॉक्टरांनी "बॉर्डरलाइन आहे, खाण्यावर लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं. तुम्ही विचारताय की लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, गोळी सुरू करायची का, आणि हे सगळं मागे फिरतं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फिरतं. सगळ्यांचं फिरत नाही, पण तुमचं वय आणि हे आकडे पाहता शक्यता चांगली आहे. फक्त त्यासाठी काय बदलायचं, याबद्दल माझं मत छापील आहारतक्त्यापेक्षा जरा वेगळं आहे.

बॉर्डरलाइन म्हटलं की माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. रिपोर्ट कपाटात ठेवून देतो, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस सुरू करतो. दोन्हींचा निकाल वर्षभराने साधारण सारखाच लागतो. एचबीए१सी ५.७ ते ६.४ या टप्प्याला आपण पूर्वमधुमेह म्हणतो आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह. म्हणजे तुम्ही मधोमध आहात. पण तुमचा रिपोर्ट वाचताना माझी नजर आधी साखरेवर गेलीच नाही. ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६ आणि कंबर ९८ हे तीन आकडे एकत्र दिसले की मी यकृताचा विचार करतो.

रात्री नऊला जेवलात, सकाळी सातपर्यंत पोटात काही नाही, तरी साखर ११२ आली कुठून? यकृतातून. खाल्लेल्या पोळी-भात-साखरेतली जी ऊर्जा शरीर वापरत नाही, तिचा काही भाग यकृत चरबीत बदलतं. ती चरबी थोडी यकृतातच साठते, थोडी ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडली जाते. यकृतात चरबी वाढली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना रात्रभर साखर सोडत बसतं. म्हणून रात्रीचं जेवण सोडूनही काहींची सकाळची साखर लगेच उतरत नाही आणि ते वैतागतात. चांगली बातमी अशी की ही आतली चरबी आली तशी जाते, आणि कंबरेच्या आधी जाते. वजन चार-पाच किलो उतरलं की ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच खाली येताना दिसतं.

"पण डॉक्टर, मी काही जाडा नाही" असं तुम्ही म्हणणार, कारण तुमच्यासारखा प्रत्येक जण म्हणतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २७ आहे. भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापलेला फोटो मी रुग्णांना मोबाइलवर दाखवतो. दोघांचाही बीएमआय २२.३. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१ टक्के. याज्ञिकांच्याच गटाने पुणे जिल्ह्यातल्या गावांमधली बाळं तपासली, तेव्हा सरासरी वजन २.७ किलो भरलं. विलायतेतल्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅम कमी. हाडं, स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. आपण हडकुळे दिसतो आणि आत चरबी बाळगतो, ते असं जन्मापासून. म्हणून शेजारच्या जाड्या माणसाची साखर नॉर्मल आणि तुमची वाढलेली, यात अन्याय वाटला तरी नवल काही नाही.

आता, खाणंपिणं बदलून खरंच काही होतं का? गोळीवाल्या डॉक्टरांनाही हा प्रश्न एके काळी पडला होता. चीनमध्ये दाचिंग नावाचं तेलविहिरींचं शहर आहे. तिथल्या ३३ दवाखान्यांत १९८६ साली, तुमच्यासारखीच मधल्या टप्प्यातली साखर असलेल्या ५७७ लोकांवर काम सुरू झालं. काही दवाखान्यांनी नेहमीचंच केलं, काहींनी आहार बदलला, काहींनी व्यायाम, काहींनी दोन्ही. सहा वर्षांनी कार्यक्रम थांबला, पण माणसांचा माग ३० वर्षं काढला गेला. बदल केलेल्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला, हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण २६ टक्के कमी राहिलं आणि आयुष्य जवळजवळ दीड वर्षाने लांबलं. सहा वर्षांच्या शिस्तीचं व्याज तीस वर्षं मिळत राहिलं. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (निकाल २००२) वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्के कमी झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्के.

आपल्याला जास्त उपयोगी आहे तो चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीय घेतले, निकाल २००६ साली आले. काहीच न केलेल्यांपैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आपल्याकडे हा घसरगुंडीचा वेग इतका आहे. आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्के उतरला, गोळीने २६.४ टक्के, आणि दोन्ही एकत्र केल्याने जास्तीचं काही पदरात पडलं नाही. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या लोकांचं वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. तेव्हा काट्यावर आकडा हलत नाही म्हणून महिन्याभरात सोडून देऊ नका.

आता मुद्द्याचं. दवाखाना सुरू केल्यावर पहिली आठ-दहा वर्षं मीही छापील तक्ता द्यायचो. सकाळी ७ वाजता अमुक, ८ वाजता तमुक. तो तक्ता घरी फ्रीजच्या दारावर चुंबकाने लागायचा आणि तिथेच पिवळा व्हायचा. मग एकदा एक शिक्षक फाइल घेऊन आले. पिशवीतून फाइल काढताना किराण्याची यादी माझ्या टेबलावर पडली. घरात माणसं चार. साखर ५ किलो, तेल ५ लिटर आणि वर सुटं एक, मैदा १, साबुदाणा १, पोहे २, रवा २, फरसाण अर्धा, बिस्किटांचे बारा पुडे, मीठ १ किलो, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा, मटकी पाव. गहू-तांदूळ वेगळे, वर्षाचे भरलेले. गृहस्थ शपथेवर सांगत होते की मी गोड खातच नाही. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी यादी मागतो. तुम्हीही आज रात्री घरच्या यादीवर हिशेब करून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मासे-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दाणे-सुका मेवा ३५ ग्रॅम असं मांडलंय. साखर २५ ग्रॅमपर्यंत, मीठ ५ ग्रॅमच्या आत. चार माणसांना तीस दिवसांनी गुणा. तेल सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. साखर फार तर तीन किलो, आणि तीसुद्धा बिस्किटातली, शीतपेयातली धरून. मीठ ६०० ग्रॅम, पापड-लोणच्यातलं धरून. आणि डाळी-कडधान्यं? दहा किलो. हो, दहा. त्या शिक्षकांच्या घरात पावणेदोन किलो येत होती. अंडी-मासे खाणाऱ्यांच्या घरात त्यातली काही जागा ते भरतात, पण शाकाहारी घरात हा खड्डा कुणी भरत नाही, तो पोळी-भाताने बुजवला जातो. देशभराच्या मोठ्या पाहणीतही हेच दिसलं. आपल्या ताटातल्या साठ टक्क्यांहून जास्त कॅलरी पिठूळ पदार्थांतून येतात आणि प्रथिनं जेमतेम असतात.

यादीत काट मारण्याचा फायदा असा की ते काम महिन्यातून एकदाच करायचं असतं, आणि तेही दुकानात, पोट भरलेलं असताना. संध्याकाळी सातला दमून घरी आल्यावर डब्यात खारी आहे आणि ती खायची नाही, हे रोजचं युद्ध आहे. ते तीसपैकी वीस दिवस माणूस हरतोच. डब्यात खारी नसेल तर युद्धच नाही. आणि एक आणखी, यादी बदलली की घरातल्या सगळ्यांचं खाणं बदलतं. "तुमच्यासाठी वेगळं केलंय" असं ज्या घरात सुरू होतं, तिथे ते वेगळं प्रकरण दोन महिन्यांत बंद पडतं. करणारीही कंटाळते, खाणारालाही आपण आजारी असल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिल्या महिन्याला एवढंच करा: साखर, तेल निम्म्यावर नको, पाऊण करा. फरसाण-बिस्किटं-खारी-टोस्ट शून्य. मटकी, मूग, चवळी, हुलगे, हरभरे, मसूर प्रत्येकी अर्धा-एक किलो वाढवा. दाणे आणि फुटाणे आणा. खर्च साधारण तेवढाच राहतो, फरसाणाचा भाव तुम्हाला माहीत आहे.

आता ताट. आपल्याकडे ताट वाढताना डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. ही डावी बाजू गेल्या दोन पिढ्यांत आक्रसत गेली. आता कोशिंबीर म्हणजे काकडीच्या दोन चकत्या. ती पुन्हा वाटीभर करा आणि जेवायला बसल्यावर आधी ती संपवा, मग उसळ-भाजी, मग पोळीला हात लावा. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की नंतरच्या पोळी-भाताची साखर हळू चढते. हे लहान लहान अभ्यासांत मोजून पाहिलंय आणि माझ्या रुग्णांच्या ग्लुकोमीटरवरही दिसतं. सुरुवातीला विचित्र वाटेल. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल पोळी आवडली नाही.

तुम्ही दिवसाचं खाणं लिहिलंय: सकाळी पोहे, डब्यात चार पोळ्या आणि बहुतेक वेळा बटाटा किंवा सुकी भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री दोन पोळ्या आणि आमटी-भात. दिवसाची प्रथिनं मोजली तर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, त्यातली निम्मी गव्हा-तांदळाची. तुम्हाला साठ-पासष्ट हवीत. फरक भरायला पावडरचा डबा लागत नाही. वाटीभर घट्ट उसळीत सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर दाण्यांत सात. पोह्यांत निम्म्याला निम्मे मोड आलेले मूग किंवा वाटाणे घालायचे, किंवा आठवड्यातले चार दिवस पोह्यांऐवजी मूगडाळीची धिरडी, नाहीतर दोन अंडी आणि एक पोळी. डब्यात चाराच्या दोन-अडीच पोळ्या आणि उसळीचा डबा भाजीच्या डब्याएवढाच मोठा. हे महत्त्वाचं आहे: पोळी नुसती कमी केली आणि जागा रिकामी ठेवली, तर चार वाजता कॅन्टीनचा वडापाव तुम्हाला शोधत येतो.

भाकरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ज्वारी हल्ली औषधासारखी विकली जाते. ज्वारी चांगलीच आहे, १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम तंतू असतात, मैदा किंवा पॉलिशच्या तांदळापेक्षा कितीतरी बरी. पण त्याच १०० ग्रॅममध्ये पिष्टही ६५-७० ग्रॅम असतं. आमच्या सातारकडच्या हातभर भाकरीला ऐंशी-नव्वद ग्रॅम पीठ लागतं. अशा दोन भाकऱ्या म्हणजे पाच-सहा फुलके. आमचे आजोबा तीन खायचे, पण ते त्यानंतर बैलामागे चालायचे. नाचणीच्या लाडवाचं आणि गुळाच्या चहाचंही तेच. गुळाला शरीर साखर म्हणूनच ओळखतं.

चहा: तुम्ही पाच कप लिहिलेत, दीड चमचा साखर. हे रोजचे पस्तीस-चाळीस ग्रॅम होतात, म्हणजे दिवसाचा सगळा कोटा चहातच फस्त. एकदम बिनसाखरेचा करू नका, दर आठवड्याला पाव चमचा उतरवा. दीड महिन्यात जीभ वळते, आणि मग जुना चहा कुणी दिला तर तो पाकासारखा लागतो.

उपवास. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी उगीच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा आणि तूप. दाण्याचं कूट तेवढंच काय ते त्यात भलं. उपवास मनापासून असेल तर ताक, फळ, दाणे, राजगिरा यावर काढा. खिचडी सणाला खा, दर गुरुवारी नको.

दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी, हा प्रश्न २०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत भांडणाचा विषय झाला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगतात की घरचं, आपल्या भागातलं, थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. माझ्याकडे दोन्ही बाजूंचे भक्त येतात आणि मला न्यायाधीश करू पाहतात. मी दोन्ही गटांतल्या लोकांचे रिपोर्ट सुधारलेले पाहिलेत, आणि दोन्ही गटांत सुधारलेल्यांनी एक गोष्ट सारखीच केलेली असते. चार ते आठमधलं बिस्किट-फरसाण-वडापाव बंद. दोनदा जेवणारे त्या दोन जेवणांत सहा-सहा पोळ्या रिचवू लागले, की गाडी पुन्हा मागे येते. तुमच्या पाळ्या बदलतात, तेव्हा तीन ठरलेली जेवणं आणि मध्ये फक्त बिनसाखरेचा चहा-ताक हे तुम्हाला जास्त पेलेल असं मला वाटतं. पण दोनदा जमत असेल तर माझी हरकत नाही, कारण तुम्ही साखरेची कोणतीही गोळी घेत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते, आणि ती चक्कर गाडी चालवतानाही येऊ शकते.

रात्रपाळीच्या आठवड्यात कामावर जाण्यापूर्वी साडेआठला मुख्य जेवण उरका. रात्री दोनला कॅन्टीनच्या भाताला रामराम. दोन उकडलेली अंडी किंवा फुटाणे आणि ताक डब्यातून न्या. त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही, तोच भात दुपारी खाल्ला तर कमी चढतो. सकाळी घरी येऊन पोटभर नाश्ता करून झोपायची सवय असेल तर ती हलकी करा, खोलीला जाड पडदे लावा आणि निदान सहा-सात तास झोपा. तुम्ही घोरता का, हे बायकोला विचारा, स्वतःला नाही. घोरताना श्वास मध्येच अडकत असेल तर त्याची वेगळी तपासणी लागते. त्याने बीपी आणि साखर दोन्ही वर राहतात आणि मग कितीही कोशिंबीर खाल्ली तरी उपयोग होत नाही.

व्यायाम. तुम्ही म्हणता कारखान्यात दिवसभर उभाच असतो. उभं राहणं आणि चालणं वेगळं. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत खेचतात. यकृत ऐकत नसलं तरी मांड्या ऐकतात. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. विशेषतः रात्रीच्या. शतपावली म्हणतात ती हीच, फक्त शंभर पावलं फार थोडी झाली, हजार-बाराशे धरा. आठवड्याला १५० मिनिटांचा हिशेब एवढ्यातच पुरा होतो. त्याला जोड म्हणून आठवड्यातून तीन दिवस स्नायूंचं काम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पंधरा वेळा, असे तीन हप्ते, भिंतीला टेकून जोर, जमले तर सूर्यनमस्कार. चाळिशीनंतर स्नायू दर वर्षी थोडे थोडे जातात, आणि साखर ठेवायची सगळ्यात मोठी कोठी तीच आहे. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद केलेले लोक मला रोज भेटतात, मांड्यांचा व्यायाम दीड महिना केल्यावर त्यातले बरेच जण पुन्हा चालू लागतात.

तंबाखूबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो मिळतो हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. मिश्री, चुन्याची पुडी, दिवसाला दोन सिगारेटी, यातलं काहीही असेल तर वरचं सगळं नंतर, हे आधी. वडिलांची बायपास झालेल्या माणसासाठी यात मधला मार्ग नाही.

बीपी १३६/८८ हे एकदाच मोजलेलं आहे, बहुधा रांगेत उभं राहून. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. लघवी करून, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून, न बोलता मोजा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, सात दिवस, वहीत लिहा. सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. मिठाबद्दल बोलायचं तर आपल्या घरात ते आमटी-भाजीतून तर जातंच, वर लोणचं, पापड, ठेचा, सुक्या चटण्या, फरसाण, पाव यांतूनही जातं. जेवताना वरून मीठ न घेणारे लोक लोणच्याची फोड मात्र चोखून खातात. कमी सोडियमचं मीठ चीनमधल्या सहाशे गावांत, जवळपास २१ हजार लोकांवर तपासलं गेलं (निकाल २०२१), पक्षाघात १४ टक्के कमी झाले. तुमच्यासाठी चांगला पर्याय आहे. पण त्यात पोटॅशियम असतं. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. तुमच्या घरात वडिलांना ही गोळी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि मिठाचा डबा सगळ्यांचा एकच असतो.

गोळीचं काय? माझं मत: आत्ता नको. अमेरिकेच्या त्याच अभ्यासात मेटफॉर्मिनचा फायदा खूप जास्त वजन असलेल्यांना आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना ठळक दिसला. तुम्हाला तीन ते सहा महिने द्यावेत. सहा महिन्यांनी एचबीए१सी चढतंच असेल तर गोळी घेण्यात कमीपणा नाही. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी१२ तपासत राहावं, शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि वडिलांचा इतिहास पाहता तो आकडा मला साखरेइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो कळवा. आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन (ए) ही तपासणीही करून घ्या. ती बव्हंशी वारशाने ठरते, आहाराने फारशी हलत नाही, पण वर असेल तर बाकी सगळ्याबाबत किती कडक राहायचं ते ठरवता येतं.

लक्ष्य साडेपाच किलो, म्हणजे तुमच्या वजनाचे ७ टक्के. महिन्याला एक-दीड किलो पुरे. कंबर दर पंधरा दिवसांनी, सकाळी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून मोजा, पट्ट्याच्या जागी नाही. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आधी पुन्हा करू नका, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून तो आकडा लवकर हलत नाही. त्या वेळी सोबत हिमोग्लोबिनही करा. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतं, आणि मग माणूस नसत्या साखरेची काळजी करत बसतो. यकृताची सोनोग्राफी आणि एसजीपीटी ही यकृताचीच रक्ततपासणी एकदा करून ठेवा. मधल्या काळात फार तहान, रात्री उठून उठून लघवी, न सांगता उतरणारं वजन, किंवा चालताना छातीत दडपण, यातलं काही झालं तर तीन महिने थांबू नका.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की धाकटा भाऊ ३८चा आहे, तब्येतीने बारीक आहे आणि त्याने कधी काही तपासलेलं नाही. आईवडील त्याचेही तेच आहेत. या महिन्यात त्याची उपाशीपोटीची साखर, लिपिड आणि कंबर मोजून घ्या. बारीक असल्याचं तो ऐकवेल, तेव्हा त्याला तो फोटो दाखवा.